एका चेहऱ्याला एकच लेप? मिश्र त्वचेच्या या चुका टाळा

मालवणात माझं छोटं पार्लर आहे, १६ वर्षं झाली. मे महिन्यात लग्नाचा सीझन आणि चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस, या दोन वेळा खुर्ची रिकामी राहत नाही. आणि दरवेळी तेच वाक्य ऐकू येतं: "ताई, माझी स्किन एकदम ऑयली आहे, मुलतानी लावा." मी बोट फिरवून बघते. नाक आणि कपाळ तेलकट, पण गाल ओढलेले, कानाजवळ बारीक सालपटं. ही तेलकट त्वचा नव्हे, मिश्र त्वचा. तेलाच्या ग्रंथी कपाळ, नाक आणि हनुवटीवर दाट असतात, गालांवर त्या मानाने विरळ. मग नाकाला जे हवं तेच गालावर थापून कसं चालेल? दोन वाट्या लागतात. पाच मिनिटांचं काम जास्त आहे, पण नेमकी तीच पाच मिनिटं कुणाला द्यायची नसतात.

घामाला तेल समजणं

बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीतून जन्माला येतात, म्हणून आधी हिच्याबद्दल.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी ११ वाजता सगळ्यांचेच चेहरे चमकतात. हवेत इतका ओलावा असतो की घाम उडून जातच नाही, कातडीवर बसून राहतो. त्यात मासळी बाजारातून चालत आलात तर आरशात जे दिसेल त्यावरून त्वचा ठरवू नका. माझ्याकडे येणाऱ्या एक शिक्षिका चार महिने रोज रात्री पूर्ण चेहऱ्याला मुलतानी लावत होत्या. कारण एवढंच की शाळेतून येईपर्यंत चेहरा चकचकीत व्हायचा. गालांवर पावडरसुद्धा टिकेना, इतके ते कोरडे पडले होते.

मी त्यांना जे करायला लावलं ते तुम्हीही करा. सकाळी साध्या फेसवॉशने तोंड धुवा, टिपून घ्या आणि काहीही न लावता एक तास पंख्याखाली बसा. मग पातळ टिश्यूचे पाच तुकडे घ्या आणि कपाळ, नाक, हनुवटी, दोन्ही गाल, प्रत्येक जागी एक दाबून धरा. तुकड्यांवर पेनाने जागेचं नाव लिहा आणि दहा मिनिटं तसेच ठेवा. घामाचा डाग वाळून नाहीसा होतो. तेलाचा राहतो, उजेडात धरला की आरपार दिसतो, भजी काढलेल्या कागदासारखा. बाईंचे नाकाचा आणि कपाळाच्या मधल्या भागाचा एवढेच दोन तुकडे डागाळले. हनुवटी थोडीशी. गालांचे दोन्ही कोरे.

हे वर्षातून तीनदा करा: मेमध्ये, भर पावसात आणि जानेवारीत. पावसाळ्यात गप्प बसलेला गाल जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यात सालपटं काढतो. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलेली 'माझी स्किन' आज तुमची असेलच असं नाही.

माती तडकेपर्यंत बसणं

ही चूक बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण ती करणारी मुलगी मनापासून मेहनत घेत असते.

काही वर्षांपूर्वी मेमध्ये, लग्नाला चार दिवस असताना, एक नवरी मुलगी ओढणीने तोंड झाकून आली. "काकी, तोंडाची नुसती आग आग होता." ओढणी बाजूला केली आणि माझ्या पोटात गोळा आला. दोन्ही गालांवर लाल, पातळ, चकाकणारी कातडी, तोंडाच्या कोपऱ्यात चिरा. नाक मात्र ठीक होतं. तिने मोबाइलवर बघून मुलतानीत अख्खं लिंबू पिळलं होतं, पूर्ण चेहऱ्याला जाड थर दिला होता आणि पंखा पाचवर ठेवून ४० मिनिटं न बोलता बसली होती. माती तडकली, मग ती कोरडीच खरवडून काढली. पहिल्या दिवशी नाक स्वच्छ दिसलं म्हणून सलग तीन दिवस हेच. त्यातल्या दोन दुपारी ती स्कूटरवरून पत्रिका वाटत फिरली.

तिथे दोन गोष्टी एकत्र आल्या. एक म्हणजे लिंबू. लिंबाच्या रसात, सालीत तर जास्तच, असे घटक असतात जे कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं आणि नंतर तपकिरी डाग पडतो. दुसरी गोष्ट माती. लेपाच्या तीन अवस्था असतात: ओली, मग बोटाला किंचित चिकटणारी दमट, मग कोरडी. तेल आणि मळ उचलण्याचं काम पहिल्या दोन अवस्थांतच होतं. कोरडी झालेली माती फक्त आवळते आणि कातडीतला ओलावा घेऊन जाते. नाकावर तेल असतं, नाक ते सोसतं. गालावर सोसायला काही नसतं.

मी तिला एकही पॅक लावला नाही. गार पाण्यात पिळलेलं मऊ कापड ठेवलं, साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवला आणि त्याच दिवशी सावंतवाडीला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हळदीच्या दिवशी तिच्या आईला सांगितलं, हातापायाला लावा, तोंडाला नको. आजी ऐकेनात. "तोंडाक हळद लावल्याशिवाय नवरी कशी शोभतली?" शेवटी हनुवटीला बोटाचं टोक टेकवून समजूत काढली. लग्नात मेकअपने निभावलं, पण गालावरचे तपकिरी पट्टे दिवाळीपर्यंत होते.

तेव्हापासून मी पार्लरमध्ये माती लावली की घड्याळाकडे बघत नाही, रंगाकडे बघते. लेपाच्या कडा फिक्या पडायला लागल्या की वेळ झाली. मधला भाग अजून गडद असतो, तो तसाच असू द्यायचा. मोबाइलवर '१५ मिनिटं' सांगतात ते या हवेत खरं ठरत नाही. जुलैत कडा फिक्या व्हायला वीस मिनिटं लागतात, जानेवारीत पंख्याखाली सहा मिनिटांत काम होतं. मध्येच सुकायला लागलं तर गुलाबपाण्याचा फवारा मारा. काढताना आधी पूर्ण ओलं करा, मग ओल्या कापडाने उचला. नखं, स्क्रब, कोरडा टॉवेल, काहीही नको.

मी दोन वाट्या कशा लावते

पहिल्या वाटीत एक चमचा मुलतानी आणि गुलाबपाणी, दह्याइतकं दाट. ही फक्त कपाळाचा मधला भाग, नाक आणि हनुवटीसाठी. दुसरीत कोरफडीचा गर आणि अर्धा चमचा मध, ही गालांसाठी. गालांचा लेप आधी लावते, कारण तो निवांत २० मिनिटं राहू शकतो. माती नंतर. म्हणजे दोन्ही एकाच वेळी निघतात आणि गालावरून माती ओढत न्यावी लागत नाही. मधली सीमा अगदी रेघ मारल्यासारखी नको. नाकपुडीच्या कडेला बोटभर जागा मोकळी सोडा, तिथली कातडी दोन्हीला लवकर चिडते.

अंगणातली कोरफड वापरत असाल तर एक गोष्ट जरूर करा. पान कापल्यावर चिरलेली बाजू खाली करून १५ मिनिटं वाटीत उभं ठेवा. पिवळा चीक निथळून जातो, मग साल काढून फक्त पारदर्शक गर घ्या. हा चीक कित्येकींना खाज आणतो आणि दोष मात्र कोरफडीला मिळतो.

झटपट सांगण्यासारख्या

लिंबू चेहऱ्यावर नको. कुठल्याच भागावर नको.

खाण्याचा सोडा तर त्याहून नको. आपली कातडी किंचित आम्ल असते, पीएच साधारण ५ च्या आसपास. सोड्याचं पाणी ८ च्या वर जातं.

नाकावरचे करडे ठिपके सगळेच ब्लॅकहेड्स नसतात. बहुतेक वेळा ती तेलाची नेहमीची छिद्रं असतात, दाबून रिकामी केली तरी काही दिवसांत भरतात. पट्ट्या लावून दर आठवड्याला उपटत बसू नका.

नवा पॅक आधी कानामागे लावा आणि एक दिवस थांबा. "माका काय होत नाय" म्हणणाऱ्यांनीसुद्धा.

माती आठवड्यातून एकदा, फार तेलकट नाक असेल तर दोनदा. रोज नाही.

लेप काढल्यावर मॉइश्चरायझर लावा, नाकालाही पातळ. सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ ३० तरी. समुद्रावर जाणार असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

आपल्या भागातल्या आणखी दोन

मार्चमध्ये ओले काजूगर सोलायला बसतो आणि मेमध्ये आंबे. काजूच्या टरफलाचा डिंक आणि आंब्याचा चीक दोन्ही कातडी भाजतात. आंबा सालीसकट चोखल्यावर ओठांभोवती जे लाल, खाजरं चट्टं उठतं ते 'उष्णता' नव्हे, चिकाने उठलेलं असतं. त्यावर मुलतानी, चंदन, हळद काहीही थापू नका. गार पाण्याने धुवा, चार दिवस मोकळं ठेवा, फोड आले तर डॉक्टर गाठा. आणि काजू सोललेल्या हातांनी लेप कालवू नका, साबणाने दोनदा धुतल्यावरसुद्धा मी ब्रशच वापरते.

दुसरी गोष्ट खोबरेल तेलाची. मीही खोबरेलावर वाढले, केसांना आणि हातापायांना त्यासारखं काही नाही. पण मिश्र त्वचेच्या नाकाला आणि कपाळाला ते छिद्रं बुजवतं. पावसाळ्यात कपाळावर एकसारख्या आकाराच्या बारीक, खाजऱ्या पुळ्या येतात किंवा नाकाच्या कडेला आणि भुवयांत पिवळट कोंडा धरतो. घरात सगळे म्हणतात, कोरडं पडलंय, तेल लाव. बऱ्याचदा ते कोरडेपण नसतं, कातडीवरची बुरशी वाढलेली असते आणि तेल हेच तिचं खाणं. तेल लावलं की वाढतं, वाढलं की अजून तेल. असं दिसलं तर लेपही थांबवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय 'गोरं करणारी' ट्यूब आणू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर पंधरा दिवस चेहरा छान दिसतो आणि सोडल्यावर पुळ्या, लाली, पातळ पडलेली कातडी, सगळं एकदम येतं. अशा चेहऱ्यावर कुठलाच लेप चालत नाही, मी सरळ परत पाठवते.

मुलतानीचा डबाही बघत जा. श्रावणात ओला चमचा एकदा जरी आत गेला तरी गुठळ्या होतात, कुबट वास येतो. तो डबा फेकायचा, चाळून वापरायचा नाही. कालवलेला लेप उरला तर फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. मी एका वेळेला एकच चमचा घेते.

चतुर्थीला चेहरा चांगला दिसावा असं वाटत असेल तर आदल्या आठवड्यात माझ्याकडे येऊन फार काही होणार नाही. कातडीला वरचा थर बदलायला महिनाभर तरी लागतो. आषाढात कागदाचे पाच तुकडे दाबून बघा, दर रविवारी संध्याकाळी दोन वाट्या कालवा, आणि हरतालिकेच्या आधीच्या आठवड्यात नवीन काहीही लावू नका.