बड्या टेक कंपनीविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार कशी करावी

नुसती कंपनी मोठी आहे म्हणून भारतीय स्पर्धा आयोग तिला हात लावत नाही. बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर दाखवावा लागतो. स्पर्धा कायदा 2002 चं कलम 4 त्यासाठीच आहे. ग्राहक म्हणून तुमचं खातं बंद झालं, पैसे अडकले, तर आधी ग्राहक आयोग गाठा. स्पर्धा आयोगाकडे येताना एकच जाचक अट सगळ्यांवर कशी लादली जाते ते मांडा.

सर्वाधिक वेळ 'संबंधित बाजारपेठ', म्हणजे कंपनीचं वर्चस्व नेमकं कोणत्या बाजारात मोजायचं ते, ठरवण्यात घाला. अर्ज इथेच तरतो किंवा बुडतो. 2017 मध्ये बंगळुरूच्या टॅक्सी प्रकरणात ओला प्रबळ ठरली नाही, कारण समोर उबर होती. गूगलविरुद्धच्या अँड्रॉइड प्रकरणात मात्र आयोगाने बाजारपेठ आखली ती फोन उत्पादकांना परवान्यावर मिळणाऱ्या ऑपरेटिंग प्रणालींची. ॲपल आपली आयओएस प्रणाली दुसऱ्या कुणालाच देत नाही, म्हणून ती मोजणीतून बाहेर गेली आणि गूगलचं वर्चस्व सिद्ध झालं. 20 ऑक्टोबर 2022 ला 1,337.76 कोटींचा दंड झाला. तेव्हा अटी जाचक झाल्या तर तुमच्यासारखा व्यावसायिक दुसरीकडे कुठे जाऊ शकतो, हे आधी दोन ओळींत लिहून काढा.

मग पुरावा. स्क्रीनशॉटमध्ये पानाचा पूर्ण पत्ता आणि तारीख दिसलीच पाहिजे. अटी बदलल्या की जुना मजकूर हाती राहत नाही. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. जाचक अटीचा परिणामही दाखवा, कारण आयोगाच्या आदेशांवरची अपिलं ऐकणाऱ्या अपील न्यायाधिकरणाने मार्च 2023 मध्ये तो तपासणं आवश्यक मानलं आहे. 100 रुपयांच्या विक्रीतून 30 रुपये कमिशन गेलं, तर तुम्ही दर वाढवलात की एखादी सुविधा बंद केलीत? हिशेबाच्या वहीतले आधीचे-नंतरचे आकडे द्या.

व्यक्ती, ग्राहक संघटना, सहकारी संस्था यांना शुल्क 5,000 रुपये. कंपन्यांना उलाढालीनुसार जास्त. कारण घडल्यापासून 3 वर्षांच्या आत या. व्यापारी गुपितं असतील तर गोपनीयतेची मागणी सुरुवातीलाच करा. धंदा लगेच बुडण्याची भीती असेल तर कलम 33 खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता आदेश मागा.

प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर प्रकरण आयोगासाठी तपास करणाऱ्या महासंचालकांकडे जातं. अँड्रॉइडचा तपास एप्रिल 2019 मध्ये सुरू झाला होता, म्हणजे निकालाला साडेतीन वर्षं लागली. तेवढा दम ठेवा. दंड मात्र सरकारी तिजोरीत जातो. स्वतःच्या नुकसानीसाठी कलम 53-एन खाली अपील न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.