रेडिओ आणि डॉक्युमेंटरीसाठी आवाज कसा घ्यायचा

मी मीडिया स्टडीजला आहे, डॉक्युमेंटरी आणि रेडिओ दोन्ही करतेय, आणि नवीन मुलांना मी एकच सांगते, कॅमेऱ्याच्या आधी आवाज शिका.

आधी हेडफोन घाला, मगच रेकॉर्डिंग सुरू करा. पंख्याचा आवाज आपल्या कानाला सवयीने जाणवत नाही पण माइक तो बरोबर पकडतो, फ्रिजची घरघर तर असतेच, म्हणून घरच्यांना विचारून दोन्ही बंद करायचं (निघताना फ्रिज आठवणीने चालू करा). माइक तोंडापासून साधारण एक वीत, जरा तिरका, म्हणजे प-फ-भ चा फटका बसत नाही.

"तुम्हाला त्रास झाला का?" असं मुलाखतीत विचारलं की नुसतं "हो" येतं. "मावशी, त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगा ना" असं विचारा आणि गप्प बसा, हूं हूं पण नको, फक्त मान डोलवा, कारण बोलण्यावर चढलेला आपला हुंकार एडिटला निघत नाही.

एकदा बोलणं संपल्यावर मी रेकॉर्डर चालूच ठेवला, मावशी भाकऱ्या करायला बसल्या, परातीत थप थप, मग तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र आवाज... रेडिओवर तेवढे दहा सेकंद ऐकले तरी अख्खं स्वयंपाकघर डोळ्यासमोर येतं!

त्याच खोलीचा, कोणी बोलत नसतानाचा ३० सेकंद आवाज पण घ्या, एडिटला कट जोडायला लागतो.

ऐकवायचं कुठे? कम्युनिटी रेडिओला (स्थानिक लोकांसाठीचं छोटं रेडिओ केंद्र) विचारा, पुण्यात विद्यापीठाचं विद्यावाणी आहे, म्हसवडला माणदेशी तरंग. सरकारच्या कम्युनिटी रेडिओ धोरणानुसार निदान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून करायचे असतात.