वेळ नाही? मग कन्फ्यूशियसच्या वाटेने जा

माझी नोकरी नगरपालिकेत, घरपट्टीच्या खिडकीवर. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ‘रोज तासभर स्वतःसाठी काढा’ हा सल्ला मला काय कामाचा? प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियस याच्या परंपरेतल्या एका माणसाने तो तास मागितलाच नाही, म्हणून तो मला पटला.

तो माणूस म्हणजे चीनमधल्या मिंग राजवटीतला विचारवंत वांग यांगमिंग (1472–1529). त्याच्याकडे एका अधिकाऱ्याने तक्रार केली : शिकवण उत्तम, पण खटले आणि कागदपत्रं यांतून अभ्यासाला सवड कुठली? वांग म्हणाला, कचेरी सोडून हवेत अभ्यास कर असं मी कधी सांगितलं? खटल्यातच कर. पक्षकार वेडंवाकडं बोलला म्हणून चिडू नकोस, गोड बोलला म्हणून खूश होऊ नकोस, गयावया केली म्हणून झुकू नकोस, आपल्या गडबडीत निकाल उरकू नकोस.

तेव्हा रोजचं एकच काम निवडा, शक्यतो लोक डोकं खातात असं. मी खिडकी निवडली. मार्चअखेरीला रांगेतला कुणी आवाज चढवतो, तेव्हा मी आधी त्याचा मालमत्ता क्रमांक मोठ्याने वाचते, मगच उत्तर देते. तेवढ्या आकड्यांत राग उतरतो. ‘ताई, तुमच्यामुळेच हे ऑफिस चालतं’ म्हणणारा जास्त अवघड. त्याचा अर्ज नंबराप्रमाणेच घ्यायचा.

रात्री भांडी विसळताना कन्फ्यूशियसचा शिष्य त्सेंगत्झु स्वतःला रोज विचारायचा ते तीन प्रश्न : दुसऱ्याचं काम मन लावून केलं का? मित्रांना दिलेला शब्द पाळला का? शिकवलं गेलं ते आचरणात आणलं का? तीनांतले दोन दुसऱ्यांबद्दलच आहेत. ‘आज चिडले’ एवढं उत्तर चालत नाही. कोणावर, कशावरून, ते हवं.

वाचन शेवटी. घरी-दारी नीट वागा, मग ताकद उरली तर ग्रंथ, असं कन्फ्यूशियस तरुणांना सांगतो. माझी बहुतेकदा उरत नाही.

पण राबून मरा असा याचा अर्थ काढू नका. आईवडील चुकले तर हळुवारपणे सांगावं, ऐकलं नाही तरी आदर सोडू नये, असं कन्फ्यूशियस म्हणतो. गप्प बसा म्हणत नाही. सासूबाई गोळी थुंकतात तेव्हा मी एकदा सांगते, वाद घालत नाही, थोड्या वेळाने पुन्हा देते. आणि रविवार नणंदेकडे सोपवलाय. तिला तो मागताना मात्र हळुवारपणा फारसा उपयोगी पडला नाही, स्पष्टच बोलावं लागलं.