कंबर सांभाळायची, तर मणका स्थिर ठेवायला शिका

कंबरदुखी टाळण्यासाठी पोटाचे स्नायू बळकट हवेत हे खरे असले, तरी त्यासाठी धडाधड सिट-अप्स काढणे योग्य नव्हे, कारण त्यात मणका वारंवार वाकून मणक्यांमधल्या चकत्यांवर (डिस्कवर) दाब येतो. या स्नायूंचे मुख्य काम हातपाय हलत असताना मणक्याला स्थिर ठेवण्याचे आहे. म्हणूनच कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक स्टुअर्ट मॅक्गिल यांनी सुचवलेल्या तीन व्यायामांपैकी ‘बर्ड डॉग’ मला नवशिक्यांसाठी सर्वांत उपयोगी वाटतो.

सतरंजीवर तळवे खांद्यांखाली आणि गुडघे खुब्यांखाली टेकवावेत. कोणी पोटात गुच्चा मारणार आहे असे समजून पोट हलके घट्ट करावे. ते आत ओढून घेऊ नये. मग उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, पाठीच्या रेषेत येईपर्यंत लांबवून, श्वास न रोखता ८ ते १० सेकंद थांबावे आणि बाजू बदलावी. कमरेवर पाण्याने अर्धी भरलेली वाटी ठेवून पाहावी. पाणी एका बाजूला सांडले, तर कंबर कलते आहे असे समजावे. थांबण्याचा वेळ वाढवण्याऐवजी आवर्तने वाढवावीत.

रात्रभर आडवे राहिल्याने चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर खोल वाकणे, विशेषतः कमरेतून वाकून भरलेली बादली उचलणे, कटाक्षाने टाळावे. वेदना पायात उतरत असेल किंवा पाय बधिर होत असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवावे. लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.