फायबरचं फेअरिंग बसवताय? या चुका टाळा, बऱ्याचशा मी स्वतः केल्यात

बाइक आडवी होते, ओरिजिनल फेअरिंगचे (पुढचं आणि बाजूंचं बाहेरचं कवच) तुकडे होतात, आणि कंपनीच्या पार्टचा आकडा ऐकला की माणूस आपोआप आफ्टरमार्केट फायबरकडे वळतो. मीही वळलो. पार्ट हातात घेतला तर पातळ वाटला, दाबला तर लवला, मग म्हटलं आपणच जरा मजबूत करू, आणि आतून सगळीकडे मॅटचे (काचेच्या धाग्यांची चटई, रेझिन नावाच्या कडक होणाऱ्या द्रवात भिजवलेली) दोन थर फासून टाकले. वजन वाढलं ते वाढलं, वर थोड्याच दिवसांत वरच्या बोल्टपाशी बोटभर तडा गेला, आणि तोही नेमका माझा नवा थर जिथे संपत होता तिथेच. पुढे आणखी दोन-तीन फेअरिंग बसवल्यावर लक्षात आलं की यातली बहुतेक मोडतात ती ताणून बसवल्यामुळे, पातळपणाचा त्यात वाटा फार कमी. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

घेताना होणाऱ्या चुका

पहिली म्हणजे फोटो बघून रेसचं फेअरिंग उचलणं. त्याला हेडलाइटची जागा नसते, इंडिकेटरची नसते, आणि खालचा भाग पातेल्यासारखा बंद असतो. तो बंद असण्यामागे कारण आहे, एफआयएमच्या (मोटरसायकल रेसिंगची जागतिक संघटना) सुपरबाइक नियमांत इंजिन फुटलं तर त्यातल्या ऑइल आणि कूलंटचा निदान निम्मा भाग त्या खालच्या फेअरिंगमध्ये मावला पाहिजे असं आहे, म्हणजे ट्रॅकवर ते सांडून मागच्याचा टायर घसरू नये. रस्त्यावर मात्र त्याच पातेल्यात पाणी, चिखल, खडे साठत बसतात. म्हणून रस्त्यासाठी घ्यायचं तर रस्त्याचंच घ्या.

दुसरी, मॉडेलचं नाव बघायचं आणि वर्ष बघायचं नाही. नाव तेच असतं पण मधल्या फेसलिफ्टमध्ये बोल्टच्या जागा, हेडलाइट, एअर डक्ट सगळं सरकलेलं असू शकतं.

आणि पार्ट नेहमी उलटा करून बघा. समोरून सगळेच गुळगुळीत दिसतात, खरी गोष्ट मागच्या बाजूला असते. पांढरे कोरडे धागे दिसले तर रेझिन कमी पडलंय, कोपऱ्यात रेझिनची चकचकीत तळी साचलेली दिसली तर तो कोपरा काचेसारखा ठिसूळ असणार. एखादं नाणं घेऊन ठिकठिकाणी टकटक करा, चांगल्या जागी खणखणीत वाजतं, थर आतून सुटलेले असले तर भद्द आवाज येतो. जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर) नसलेला पार्ट उजेडासमोर धरला तर हवेचे बुडबुडे पण दिसतात.

अजून एक, सगळे ज्याला फायबर म्हणतात ते फायबर असतंच असं नाही. बरेच आफ्टरमार्केट सेट एबीएस प्लॅस्टिकचे असतात आणि त्यात वाईट काही नाही, पण एबीएसवर पॉलिस्टर रेझिन आणि मॅट चिकटवायला गेलात तर आज बसलेलं वाटेल आणि थोड्या दिवसांत पापुद्र्यासारखं निघून येईल. त्याला वेगळा उपाय लागतो, एबीएसचाच चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली पेस्ट. तेव्हा आधी आपल्या हातात काय आहे ते ओळखा, मागे धाग्यांची जाळी दिसली तर फायबर, दोन्हीकडून सारखंच गुळगुळीत असलं तर बहुतेक प्लॅस्टिक.

रंग आधी, फिटिंग नंतर

ही चूक इतकी कॉमन आहे की काय सांगू. पार्ट आला की उत्साहात थेट पेंटरकडे, आणि रंगवून आणल्यावर कळतं की बोल्टची भोकं जुळत नाहीयेत. मग काय, घासा, कापा, परत रंगवा. आधी कोरा पार्ट गाडीवर पूर्ण बसवून बघायचा, हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवायचं, कुणाला तरी पुढून दाबायला सांगून फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) जितका खाली जाईल तितका न्यायचा, आणि टायर, रेडिएटर, सायलेन्सरचा पाइप यातलं काही घासतंय का ते बघायचं. पाइपच्या बाबतीत तर ढिलाई नकोच, साधं पॉलिस्टर रेझिन शंभर डिग्रीच्या बरंच आधी मऊ पडायला लागतं, त्यामुळे मध्ये अंतर ठेवा आणि आतून उष्णता परावर्तित करणारी फॉइल लावा.

आता मुख्य मुद्दा. पार्ट बसत नाही म्हणून लगेच पार्टला शिव्या घालू नका, पडलेल्या गाडीचा पुढचा फेअरिंग ब्रॅकेट वाकलेला असण्याची शक्यता बरीच असते. जुनं प्लॅस्टिक लवचिक असल्यामुळे ते वाकड्या ब्रॅकेटवरही निमूटपणे बसून राहायचं, फायबर तेवढं समजून घेत नाही. आधी ब्रॅकेट सरळ आहे का ते दोन्ही बाजूंनी मोजून बघा. मग नाकाकडून सुरुवात करायची, मग बाजूची पॅनल, शेवटी खालचं, आणि सगळे बोल्ट नुसते दोन-तीन आटे फिरवून ठेवायचे, एकही आवळायचा नाही. सगळे लागले की मग हळूहळू आवळत जायचं. एखादा बोल्ट लावायला पॅनल हाताने ओढावं लागत असेल तर तिथेच थांबा, कारण तो ताण तिथे कायमचा राहणार आणि गाडीच्या थरथरीने तिथूनच तडा जाणार, भोक सरकवा किंवा मध्ये वॉशर घाला पण ओढून बसवू नका.

भोकांचं पण तसंच. आधीच मोठ्या ड्रिलने भसकन भोक पाडलं तर कडेचा जेलकोट उडतो, म्हणून वर मास्किंग टेप लावा, समोरच्या बाजूने लहान भोक पाडा आणि मग वाढवत न्या. सहा मिमीच्या बोल्टला सहाचंच घट्ट भोक ठेवू नका, ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) मावेल एवढं मोठं ठेवा, त्यात ग्रोमेट आणि ग्रोमेटच्या आत धातूची छोटी नळी, म्हणजे बोल्ट कितीही आवळला तरी दाब नळीवर येतो आणि फायबर चिरडत नाही. मोठ्या घेराचा वॉशर तर पाहिजेच.

मजबुती नेमकी कुठे द्यायची

आता माझ्या त्या दोन थरांकडे येतो. पॅनलचा मधला भाग लवतो तर लवू दे, त्याने काही बिघडत नाही. जोर येतो तो बोल्टच्या भोकांभोवती, हेडलाइटच्या खिडकीच्या कोपऱ्यांत, दोन पॅनल जिथे जुळतात त्या काठांवर, बस. तिथे ठिगळ लावायचं, पण एकदम जाड आणि एकदम संपणारं नाही. मी आता तीन तुकडे कापतो, सर्वात लहान आधी, त्यावर प्रत्येक बाजूने दीडेक सेंटिमीटर मोठा, त्यावर अजून तेवढाच मोठा, त्यामुळे जाडी उतार घेत कमी होते. नाहीतर कडक आणि मऊ यांची जी सीमारेषा तयार होते तिथेच मोडतं. ठिगळाचे कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरा पहिला उचलतो.

एखादं लांब पॅनल वाऱ्यात खरंच फडफडत असेल तर आख्खं जाड करण्याऐवजी मागून एक बरगडी काढा. जाडी दुप्पट झाली की ताठपणा साधारण आठपट होतो, त्यामुळे उंच पण अरुंद बरगडीला वजन अगदी थोडं लागतं. दोरी किंवा पीयू फोमची पट्टी ठेवायची आणि वर दोन थर. थर्मोकोल मात्र वापरू नका, पॉलिस्टरमधलं स्टायरीन त्याला बघता बघता खाऊन टाकतं, मी पट्टी ठेवली आणि ब्रश फिरवेपर्यंत तिथे चिकट डबकं उरलं होतं. इपॉक्सी हे दुसऱ्या प्रकारचं रेझिन, त्याखाली थर्मोकोल चालतो.

हे सगळं पॅनल गाडीवर बोल्टने लावलेलं असतानाच करा. पॉलिस्टर कडक होताना आकसतं, टेबलावर मोकळं ठेवून जाड थर मारलात तर पॅनल वाकतं आणि मग परत तेच, ओढून बसवणं. आकसण्यामुळे बरगडीची रेघ बाहेरूनही पुसटशी दिसू शकते, गडद चमकदार रंगात तर जास्तच, म्हणून हे काम रंगाच्या आधीचं.

रेझिनच्या गडबडी

मागची बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्याशिवाय काही चिकटत नाही, नुसतं पुसून भागत नाही. घासायच्या आधी ॲसिटोनने पुसा आणि घासल्यावर परत पुसा.

पॉलिस्टरला हार्डनर म्हणजे एमईकेपी, तो साधारण १ ते २ टक्के, १०० ग्रॅम रेझिनला १ ते २ ग्रॅम. लवकर वाळावं म्हणून जास्त ओतलं की ते तापतं, ठिसूळ होतं, आणि डब्यात खूप माल एकदम कालवला तर चक्क धूर येतो. थोडं थोडं कालवा. इपॉक्सीचं गणित वेगळं आहे, तिथे डब्यावर लिहिलेलं प्रमाण म्हणजे प्रमाण, हार्डनर वाढवून घाई होत नाही, उलट मऊ राहतं.

तुकड्या-तुकड्यांची साधी मॅट पॉलिस्टरसोबत वापरतात, कारण तिचे धागे धरून ठेवणारा डिंक स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत तो विरघळत नाही आणि मॅट ताठच राहते, त्यामुळे इपॉक्सीला विणलेलं कापड घ्या. जुन्या पॉलिस्टरच्या पार्टवर इपॉक्सी छान धरतं, उलट केलं तर भरवसा नाही. आणि ब्रश फिरवू नका, टोकाने ठोकत ठोकत रेझिन मुरवा, फिरवला की मॅटच सरकते.

काळजीचं सांगतो आणि पुढे जातो: एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा घाला. कोबाल्ट एक्सेलरेटर (रेझिन लवकर कडक व्हावं म्हणून घालतात तो) वेगळा मिळाला असेल तर तो आणि एमईकेपी थेट एकत्र कधीच करू नका, स्फोट होतो, एक आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा मग दुसरा. धुळीचा मास्क धूळ अडवतो, वास नाही, त्यासाठी कार्ट्रिजवाला लागतो.

झालं पण बिघडलं, मग?

वरून चिकट राहिलं: नखाने दाबा. खाली कडक असेल तर घाबरायचं नाही, मेण नसलेलं पॉलिस्टर हवा लागते तिथे थोडं चिकट राहतंच, ॲसिटोनने पुसा आणि घासा. खालीही मऊ असेल तर हार्डनर कमी पडलाय किंवा थंडी होती, ऊब देऊन एक दिवस बघा, नाहीच झालं तर खरवडून काढा, वरून नवा थर मारून झाकायचा प्रयत्न मी केलाय, वाया जातो.

रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडले: साच्यातून पार्ट सुटावा म्हणून लावलेलं मेण तसंच राहिलंय. ते आधी धुवून, डिग्रीजरने पुसून मगच घासायचं असतं, न पुसता घासलं की मेण अजून आत रगडलं जातं. बारीक टाचणीएवढी भोकं दिसली तर ती वेगळी गोष्ट, तिथे बारीक पुट्टी भरा, प्रायमरने ती बुजत नाहीत.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा: मागून बघा. मागे काही नसेल तर फक्त जेलकोट तडकलाय. मागेही चीर असेल तर चिरेच्या अगदी टोकाला २-३ मिमीचं भोक पाडा म्हणजे ती पुढे पळत नाही, समोरून व्ही आकारात खरवडा, आधी मागून उतरतं ठिगळ लावा, वाळल्यावर मग समोरून भरा. आणि परत लावायच्या आधी त्या जागेचा बोल्ट काढून पॅनल सोडून बघा, ते आपल्या जागेवरून टुणकन सरकलं तर चीर का पडली ते तिथेच दिसेल, आधी तो बोल्ट नीट करा.