बदामाच्या बागेत वॉकी-टॉकी: सेट निवडण्यापासून बोलण्यापर्यंत

कोलुसा काउंटी म्हणजे उत्तर कॅलिफोर्नियातला निव्वळ शेतीचा पट्टा. सगळी मिळून वस्ती २२ हजारांच्या आसपास. भाताची खाचरं, टोमॅटो, अक्रोड, आणि आर्बकल गावाच्या बाजूला बदामच बदाम. तिथल्या एका बागेचं काम मी बघते. माझं माहेर निफाडकडचं, द्राक्षातलं, त्यामुळे पाणी, फवारणी, मजूर यातलं काही नवं नव्हतं. नवा होता तो कमरेला लावलेला वॉकी-टॉकीचा सेट. पश्चिमेला डोंगर सुरू होतात तिथे मोबाइलची रेंज जाते. जिथे रेंज आहे तिथेही झाड हलवणाऱ्या शेकरवरचा माणूस फोन उचलू शकत नाही. सेटचं बटण दाबलं की एकाच वेळी सगळ्यांना ऐकू जातं. तोडणीच्या हंगामात, ऑगस्ट ते ऑक्टोबर, आमचं काम त्यावरच चालतं.

शेतासाठी सेट घ्यायचे असतील तर आधी दुकानात जाऊ नका. कुणाकडून तरी दोन सेट दिवसभरासाठी मागून आणा आणि आपली जमीन चालून बघा. एकाने शेडजवळ थांबायचं, दुसऱ्याने प्रत्येक प्लॉटच्या चारही कोपऱ्यांवर जाऊन तिथून आकडे बोलायचे. शेडवाल्याने वहीत लिहायचं: स्पष्ट, खरखर, काहीच नाही. हे पानं भरलेली असताना करा. आम्ही पहिल्यांदा जानेवारीत केलं, झाडं उघडी होती, सगळीकडून खणखणीत आवाज आला. ऑगस्टमध्ये सात नंबरच्या पश्चिम कोपऱ्यातून शब्द येईना. हिरव्या पानात पाणी असतं आणि ते लहरी शोषून घेतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

खोक्यावर '३६ मैल' छापलेलं असतं ते दोन डोंगरमाथ्यांमधलं अंतर समजा. सपाट जमिनीवर दोन माणसं छातीशी सेट धरून उभी असली तर पृथ्वीच्या गोलाईमुळेच साधारण १० किलोमीटरला मर्यादा येते, आणि दाट बागेत त्याच्या कितीतरी आधी आवाज तुटतो. यावर जास्त वॅटचा सेट हा पहिला उपाय नाही, उंची हा आहे. राखणीला माळ्यावर चढलेल्याला लांबचं दिसतं, तसंच अँटेनाचं. शेडच्या छपरावर अँटेना बसवून खाली टेबलावर मुख्य सेट ठेवला, तर बागेतले छोटे सेट तेच राहूनही फरक पडतो. उघड्या रानात १५० मेगाहर्ट्झच्या आसपासचे व्हीएचएफ सेट बरे, आणि पत्र्याची शेडं, गोदामं, यंत्रांची गर्दी असेल तिथे ४५० च्या पुढचे यूएचएफ. आमचं बहुतेक काम झाडांत, म्हणून आम्ही व्हीएचएफ घेतले.

आता परवान्याचं. इथे ते खातं एफसीसीचं, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार आयोगाचं.

रेडिओच्या प्रत्येक प्रकाराला इथे वेगळं नाव आणि वेगळे नियम. चार-पाच माणसांचं काम असेल तर एफआरएस हा साधा प्रकार पुरतो. परवाना लागत नाही, धंद्यासाठी चालतो, २०१७ च्या नियमांपासून काही चॅनलवर २ वॅटपर्यंत ताकद मिळते. पण अँटेना सेटला कायमची जोडलेली, ती बदलता येत नाही. घरचीच माणसं शेती करत असतील तर जीएमआरएस हा दुसरा प्रकार बघा: ३५ डॉलर, १० वर्षं, आणि एका परवान्यात घरातली नात्याची माणसं येतात. गडी मात्र त्यात येत नाहीत, आणि इथेच पुष्कळांची गफलत होते. मर्स म्हणून तिसरा प्रकार आहे, पाच व्हीएचएफ चॅनल, २ वॅट, परवाना नाही, आणि यात अँटेना छपरावर लावता येते. लहान बागेला मी हाच सुचवते. माणसं जास्त असतील, आवाज झेलून पुढे पाठवणारा रिपीटर लागणार असेल, तर कंपनीच्या नावाने धंद्याच्या बँडचा परवाना घ्यावा. तो १० वर्षांचा असतो. अर्ज फ्रिक्वेन्सी ठरवून देणाऱ्या मध्यस्थ संस्थेमार्फत जातो, थोडा वेळ आणि पैसा लागतो, पण सगळे कामगार त्याच परवान्याखाली बोलू शकतात. लिलावातले जुने सेट स्वस्त दिसले तरी जपून. १ जानेवारी २०१३ पासून या बँडवर अरुंद, म्हणजे १२.५ किलोहर्ट्झचे चॅनल सक्तीचे आहेत, आणि रुंद चॅनलवरच चालणारा सेट आता वापरता येत नाही. हॅम रेडिओचा परवाना असला तरी त्यावर धंद्याचं बोलणं चालत नाही.

सेटवरच्या 'प्रायव्हसी कोड'ला भुलू नका. त्याने दुसऱ्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच. आपलं मात्र त्यांना ऐकू जातं. मजुरी, हिशेब, कुणाचं आजारपण हे रेडिओवर कधीच बोलू नये.

सुट्टीत घरी गेले की 'येताना दोन सेट घेऊन ये' असा निरोप असतो. मी आणत नाही. अमेरिकेतले एफआरएस आणि जीएमआरएसचे सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात, आणि भारतात तिथे मोकळीक नाही. भारतात परवान्याविना चालणारे हातातले सेट ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे. तेही डब्ल्यूपीसी या केंद्राच्या रेडिओ खात्याची मान्यता, म्हणजे ईटीए, असलेलेच घ्यायचे. ऑनलाइन विक्रीवर २०२५ मध्ये केंद्राने नियम घातले आहेत, तेव्हा फ्रिक्वेन्सी आणि मान्यता लिहिलेली नसेल तर तो सेट घेऊच नका. द्राक्षाच्या दहा-पंधरा एकरांना यातली एक जोडी पुरते.

सेट मिळाले, परवाना झाला, की खरं शिकणं सुरू होतं.

बदाम जमिनीवर वाळले की स्वीपर त्यांच्या रांगा लावतो आणि मागून पिकअपचं यंत्र उचलत जातं. एका दुपारी त्यात फांदी अडकली. एकजण उतरला, वाकून फांदी ओढायला लागला, आणि त्याच्या जोडीदाराने रेडिओवर स्पॅनिशमध्ये, आमच्या मजुरांच्या भाषेत, सांगितलं, 'नो अरांकेस', सुरू करू नकोस. केबिनमधल्याला ऐकू आलं फक्त 'अरांकेस'. सुरू कर. त्याचा हात किल्लीवर गेला होता. त्याआधी त्याने सवयीने आरशात पाहिलं आणि त्याला चाकाजवळ बूट दिसले, म्हणून त्या माणसाचा हात वाचला. मी तेव्हा दोन ओळी पलीकडे होते. रेडिओवरचा तो अर्धा शब्द मला अजून ऐकू येतो.

झालं असं, की बटण दाबल्याबरोबर आवाज जात नाही. आपला सेट लहर सोडायला आणि समोरचा सेट प्रायव्हसी कोड ओळखून कान उघडायला क्षणभर घेतो. तेवढ्यात पहिलं अक्षर गळतं, आणि स्पॅनिशमध्ये नकार पहिल्याच अक्षरात असतो. मराठीत तो शेवटी येतो: 'सुरू करू नको'. आपण बोलता बोलता बटण सोडलं की 'नको' गळणार आणि समोर जाणार 'सुरू करू'. म्हणून बटण दाबा, मनात 'एक' म्हणा, मग बोला, आणि बोलून झाल्यावरही तसंच एक म्हणून सोडा. थांबवायचं असेल तेव्हा नकाराचं वाक्य वापरायचंच नाही. आमच्याकडे एकच शब्द आहे, 'आल्तो', म्हणजे स्पॅनिशमध्ये 'थांबा', तीनदा. तो कुणीही म्हणाला, अगदी काल आलेला पोरगा म्हणाला, तरी सगळी यंत्रं थांबतात. का, ते नंतर विचारायचं. आणि यंत्रात हात घालायचा तर किल्ली काढून त्याच माणसाच्या खिशात. रेडिओ किल्लीची जागा घेत नाही.

आकड्यांचंही असंच. स्पॅनिशमध्ये साठ म्हणजे 'सेसेंता' आणि सत्तर म्हणजे 'सेतेंता'. खरखरीत दोन्ही एकच. आपल्याकडे एकोणसाठ आणि एकोणसत्तर. पाण्याचा व्हॉल्व्ह साठ नंबरच्या ओळीचा उघडायचा असताना सत्तरचा उघडला तर तिथे वाळत पडलेले बदाम भिजतात. म्हणून आकडे सुटे बोलायचे, 'सहा, शून्य', आणि ऐकणाऱ्याने तेच परत म्हणायचं. प्रत्येक ओळीच्या पहिल्या झाडावर आम्ही रंगाने नंबर घातले आहेत, ते यासाठीच.

हाक मारताना आधी समोरच्याचं नाव, मग आपलं: 'मुकादम, मी पंपावरून.' सेट उभा धरायचा, तोंडापासून चार बोटं लांब. आडवा धरला की आवाज मरतो. वारा असेल तर पाठ वाऱ्याकडे. कुणी सेटवर बसलं आणि बटण दबलेलं राहिलं की सगळा चॅनल मुका होतो, तेव्हा दुकानदाराला सांगून ६० सेकंदांनी आपोआप बंद होण्याची सोय लावून घ्या.

कुणाला लागलं तर जखमीजवळच्याने फक्त प्लॉट आणि ओळ सांगायची. ९११ ला फोन शेडमधून, जिथे रेंज नक्की आहे तिथून. एकाने फाटकावर जाऊन उभं राहायचं, अँब्युलन्सला आत घ्यायला. फोन कुणी करायचा आणि फाटकावर कुणी जायचं, ते रोज सकाळी ठरतं.

संध्याकाळी सेट चार्जरवर लावण्याआधी खालच्या पितळी टोकांवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा. बदामाची धूळ पिठासारखी बारीक असते. ती बसली की दिवा लागतो पण बॅटरी भरत नाही, आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी अकरा वाजता.

नवा माणूस आला की मी त्याला सेट देते आणि स्वतः दहा ओळी लांब जाते. त्याने 'आल्तो' म्हणायचं. पहिल्या खेपेला बहुतेकदा मला 'ल्तो' ऐकू येतं. मी परत सांगते, दाब, एक म्हण, मग बोल. तीनही वेळा पूर्ण 'आल्तो' आला की त्या दिवसापासून त्याला यंत्राजवळ पाठवते.