‘तुम्ही बघून घ्या’ म्हणण्याआधी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी नवा सुपरवायझर होतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तीन दिवस गावी निघालो आणि जाताना जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्या अण्णांना म्हणालो, “तुम्ही बघून घ्या.”

टेरी टॉवेलला दोन बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ, लागतात. वर फासे उठवणाऱ्या पाइलच्या बीमला सूत जास्त लागतं. दुसऱ्याच दिवशी ते सूत संपलं. अण्णा व्यापाऱ्याकडे गेले, तर तो म्हणाला, “साहेबांचा फोन येऊ द्या.” माझा फोन लागेना. चार माग दीड दिवस उभे राहिले. सूत बोटांत चोळून त्याचा नंबर, म्हणजे जाडी-बारीकी, सांगणारा माणूस हात हलवत परत आला, याचं मला अजून वाईट वाटतं. मी परतल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, “मला सांगितलंत, त्याला कुठं सांगितलंत?”

नव्यानं सुपरवायझर होणाऱ्यांनो, काम सोपवताना अधिकार किती आणि कुठपर्यंत, हे कागदावर घ्या. तो कागद मालकांच्या सहीचा हवा, कारण आपला अधिकारही त्यांनीच दिलेला असतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 190 व्या कलमाप्रमाणे, स्वतः करायचं म्हणून घेतलेलं काम प्रतिनिधीला परस्पर दुसऱ्याकडे देता येत नाही. धंद्याचा रिवाज किंवा कामाचं स्वरूप तसं असेल तरच चालतं. मग अण्णांसाठी मालकांच्या सहीनं केलेल्या पत्रात तीनच ओळी होत्या: सूत कोणतं, किती रुपयांपर्यंत, कोणत्या तारखेपर्यंत. उधारी वाढवणं आणि भाव ठरवणं मालकांकडेच राहिलं.

अधिकार काढून घेतल्यावरही तितक्याच तातडीनं कळवा. आमच्यासाठी व्यापाऱ्याकडून माल उचलणारा एक मुलगा नोकरी सोडून गेला आणि व्यापाऱ्याला सांगायचं माझ्याकडून राहिलं. महिन्यानं आमच्या नावावर बिल आलं. माल गेटच्या आत आलाच नव्हता. समोरच्याला कळेपर्यंत, त्याच्यापुरता तो अधिकार संपत नाही, असं 208 वं कलम सांगतं. बिल आम्हीच भरलं.

पुढच्या वेळी मी अण्णांना घेऊन दुकानात गेलो. व्यापाऱ्यानं पत्र गल्ल्याजवळच्या काचेखाली सरकवलं. आठवड्यानं अण्णांनी एक अख्खा लॉट नंबर बरोबर नाही म्हणून परत पाठवला. मला ते संध्याकाळी, चहा घेताना कळलं.